दक्षिणा, दक्षिण आणि डेक्कन : एका लहान विद्यापीठीय परिसराचा इतिहास

पुणे शहराच्या ईशान्येस मुळा-मुठा ओलांडून येरवड्याच्या बाजूस गेले म्हणजे एका टेकाडावर, झाडीच्या मधोमध, काळ्या दगडाची आणि उंच उतरत्या छपरांची एक गॉथिक धाटणीची इमारत दिसू लागते. तिच्याभोवतीचे आवार सुमारे ११५ एकरांचे आहे. ह्या आवारात आज एक अभिमत विद्यापीठ नांदत आहे. त्यातील अध्यापनाचे विभाग अवघे तीन : पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत व कोशशास्त्र. विद्यार्थिसंख्येचा विचार केला तर एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या एका शाखेशीही ह्या विद्यापीठाची बरोबरी व्हावयाची नाही. अशा ह्या संस्थेने, डेक्कन कॉलेजने, २०२१ साली आपल्या द्विशताब्दीस आरंभ केला.

द्विशताब्दी म्हटली की इतिहासाच्या विद्यार्थ्यास हिशेब मांडावासा वाटतो, आणि येथे तो सरळ जुळत नाही. इमारत १८६८ सालची. 'डेक्कन कॉलेज' हे नाव १८६४ सालचे. त्या नावाचे सरकारी कॉलेज १९३४ साली बंद झाले. १९३९ साली त्याच जागी जी संस्था उघडली ती पदवीपूर्व शिक्षण देणारी नव्हती, संशोधन करणारी होती. आणि अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला १९९० साली मिळाला. मग १८२१ हे जन्मवर्ष कोणाचे? नाव बदलले, जागा बदलली, अध्यापनाची भाषा बदलली, मध्ये पाच वर्षे दारे बंद राहिली, तरीही संस्था तीच, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? वरवर पाहता हा प्रश्न समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेपुरता वाटेल. पण विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ह्याच प्रश्नाशी ह्या परिसराचे मरण-जगणे निगडित झालेले होते, आणि तो प्रश्न न्यायालयापुढे गेला होता. म्हणून तो पुन्हा एकदा, थोडा मुळापासून, तपासून पाहण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे तपासाचा आरंभ तो शब्दांपासून करीत आहे, ह्याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यास क्षमा करावी.

पहिला शब्द 'दक्षिणा'. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची जी प्रथा सेनापती दाभाडे ह्यांच्या घराण्यात होती, ती पुढे पेशव्यांनी उचलली आणि पुण्यात वाढविली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित जमत. काहींची परीक्षा होई, पुष्कळांची होत नसे, आणि दक्षिणेवर लाखो रुपये खर्च होत. १८१८ साली राज्य गेले. नव्या सरकारपुढे पेच असा, की हा खर्च एकदम बंद केला तर शहरातील वजनदार वर्ग बिथरणार, आणि चालू ठेवला तर त्याचा उपयोग काय हे विलायतेस समजावून सांगावे लागणार. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन ह्यांनी काढलेला मार्ग मधला होता. दक्षिणेची रक्कम मर्यादित करावयाची, आणि तिच्यातला काही भाग एका पाठशाळेकडे वळवावयाचा. ही पाठशाळा ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात उघडण्यात आली.

सरकारी कागदांत तिचे नाव 'हिंदू कॉलेज' असे असले तरी लोकांच्या तोंडी ती 'पाठशाळा'च राहिली, आणि लोकांचेच नाव वस्तुस्थितीला धरून होते. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वेदान्त, वैद्यक असे तेथील विषय. शिकवणारे शास्त्री, शिकणारे ब्राह्मण, आणि ब्राह्मणेतरांस दार बंद. पेशवाईतील विद्येचाच तो नव्या धन्याच्या खर्चाने चाललेला संसार होता. एल्फिन्स्टनच्या उदार धोरणाची तारीफ करताना आपल्याकडील लेखक ही बाजू बहुधा घाईघाईने ओलांडतात. सार्वजनिक तिजोरीतून चालणाऱ्या शाळेची दारे बहुसंख्य रयतेला बंद असावीत, हे उदारपणाच्या कोणत्याही व्याख्येत बसावयाचे नाही.

ह्या जुन्या वाड्यात नवे वारे शिरले ते मेजर टॉमस कँडी ह्यांच्या काळी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) कँडी हे एक प्रमुख साहाय्यक होते. पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आल्यावर देशी भाषा आणि पुढे इंग्रजी ह्यांना तेथे हळूहळू जागा मिळाली. मराठी पाठ्यपुस्तके तपासताना त्यांच्या हातून जे गद्य बाहेर पडले त्यास इंग्रजी वळण लागले, ही तक्रार जुनी आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु मराठी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा आणि अर्धविराम कोठे, हा विचार रूढ करण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. ह्या लेखातील प्रत्येक विरामचिन्हावर विश्रामबागवाड्याचे थोडेसे ऋण आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे ह्याच पाठशाळेचे विद्यार्थी. संस्कृत शास्त्रांत मुरलेला आणि पुढे इंग्रजी आत्मसात करून मराठी गद्य घडविणारा हा पहिल्या प्रतीचा पंडित म्हणजे त्या संधिकाळाचे सर्वांत चांगले फळ होय.

दक्षिणेचा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख प्रभृती सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेच्या रकमेतील काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. शहरात त्यावरून मोठी खळबळ उडाली. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली, आणि त्याच वर्षी पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन 'पूना कॉलेज' हे नाव रूढ झाले. ह्या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. ज्या पैशावर संस्कृत पाठशाळा उभी राहिली होती त्याच पैशाने आता मराठी ग्रंथकार आणि इंग्रजी शिकणारे विद्यार्थी पोसले जाऊ लागले. पुढील वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात एक समारंभ झाला. मुली आणि अतिशूद्र ह्यांच्यासाठी शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुले ह्यांना मेजर कँडी ह्यांच्या हस्ते शालजोडी देण्यात आली. एकतीस वर्षांपूर्वी ज्या वाड्यातील पाठशाळेत त्यांच्या जातीच्या मुलास प्रवेश मिळाला नसता, त्याच वाड्यात हा सत्कार घडला. संस्थेच्या इतिहासात हा दिवस सहसा नोंदला जात नाही. तो नोंदला पाहिजे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पूना कॉलेज त्याच्या चौकटीत आले. पुढे 'लाइट ऑफ एशिया' लिहून गाजलेले एडविन आर्नल्ड हे त्या वेळी प्राचार्य होते. दक्षिणेचे आणखी एक रूपांतर ह्याच सुमारास झाले. तिच्यातून विद्यावेतने निर्माण झाली, आणि ती मिळविणारे तरुण 'दक्षिणा फेलो' म्हणून ओळखले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्यात ओंजळीत पडणारी दक्षिणा आणि विद्यापीठीय अधिछात्रवृत्ती ह्यांच्यातील अंतर अवघ्या चाळीसएक वर्षांचे आहे.

आता दुसरा शब्द. १५ ऑक्टोबर १८६४ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते येरवड्याच्या टेकाडावर नव्या इमारतीची कोनशिला बसली, आणि कॉलेजला 'डेक्कन कॉलेज' असे नाव मिळाले. एका शहराच्या नावाऐवजी एका प्रदेशाचे नाव आले, म्हणजे संस्थेची व्याप्ती शहराबाहेर गेली, असा ह्या नामांतराचा उघड अर्थ आहे. पण व्युत्पत्ती पाहिली तर गंमत निराळीच आहे. संस्कृत 'दक्षिण', प्राकृत 'दक्खिण', फारसी वळणाचे 'दखन' किंवा 'दख्खन', आणि त्यावरून इंग्रजांचे 'डेक्कन', अशी ही वाट आहे. 'दक्षिणा' हा शब्दही त्याच 'दक्षिण' शब्दाचा सख्खा नातलग. ज्या दानावर संस्था जन्मली त्या दानाचे नाव आणि इंग्रजी पोशाखात परत आलेले संस्थेचे नाव ही एकाच घरची आहेत. नामकरण करणाऱ्यांच्या मनात हे असण्याचा संभव नाही. शब्द आपला इतिहास माणसांना न विचारता सांभाळीत असतात, एवढेच येथे म्हणावयाचे.

ह्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई घराण्याने एक लाख रुपयांची देणगी दिली. पुणेकरांस हे नाव अपरिचित नव्हते. टेकाडाच्या जवळच नदीवर जो बंधारा आहे, आणि ज्यावरून 'बंड गार्डन' हे नाव पडले, त्याचा खर्चही ह्याच घराण्याच्या दानातून झालेला होता. देणगीची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व सत्तर वर्षांनंतर कळावयाचे आहे. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स ह्या अभियंत्याचा. मुंबईचे जुने सचिवालयही त्यांनीच उभारलेले आहे. लांब ओवऱ्या, जाड दगडी भिंती आणि पाऊस झटकून टाकणारी उभट छपरे अशी ही रचना पुण्याच्या हवेला मानवली. १८६८ च्या मार्चमध्ये कॉलेज येथे राहावयास आले. विद्यार्थी ह्याच आवारात निवास करीत. शहरापासून तोडलेले, नदीपलीकडचे, रात्री आपल्यापुरतेच उरणारे हे आवार होते. आपल्याकडे 'कॅम्पस' म्हणून ज्यास हल्ली ओळखतात त्या जीवनक्रमाचा पुण्यातील आरंभ येथे झाला असे म्हणावयास हरकत नाही.

त्या जीवनक्रमाचे परिणाम काय झाले हे महाराष्ट्रास ठाऊक आहेच. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री येथे शिकून १८७२ साली पदवीधर झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी 'निबंधमाला' काढली. टिळक १८७६ साली येथूनच पदवीधर झाले. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्यासारखा गणिती त्यांस गुरू लाभला, आणि आगरकरांशी त्यांचा स्नेह ह्याच टेकाडावर जुळला. टिळकांची खोली आजही जतन करून ठेवलेली आहे. खोलीपासून येरवड्याचा तुरुंग लांब नाही. १८९७ सालच्या राजद्रोहाच्या शिक्षेचा काही काळ टिळकांनी त्या तुरुंगात काढला, तेव्हा विद्यार्थिदशेतील टेकाड त्यांच्यापासून कितीसे दूर होते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचे नाव मात्र टिळकांच्या खोलीइतके सांगितले जात नाही. ह्या कॉलेजातून १८८७ साली पदवी घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणानुक्रमाने विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्यास त्या पात्र होत्या. स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. पुढे मित्रमंडळींच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि कायदा शिकल्या.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या कालखंडातील दोन नावे विशेष महत्त्वाची आहेत. फ्रान्ट्स कीलहॉर्न हे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ पर्यंत येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. नागोजीभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'ची आवृत्ती व भाषांतर त्यांनी सिद्ध केले, आणि पतंजलीच्या 'महाभाष्या'ची जी चिकित्सक आवृत्ती त्यांनी तीन खंडांत काढली (१८८०–८५) तिच्यावाचून आजही कोणाचे चालत नाही. कीलहॉर्नना हे साधले त्याचे एक कारण असे, की पाठशाळेच्या परंपरेतील शास्त्री अद्याप पुण्यात होते, आणि त्यांच्यापाशी बसून व्याकरण शिकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. त्यांच्यामागून काही काळाने त्या आसनावर भांडारकर आले (१८८२–९३). १८७७ साली मुंबई विद्यापीठात त्यांनी दिलेली विल्सन व्याख्याने म्हणजे संस्कृतापासून मराठी-गुजरातीपर्यंतचा प्रवाह नव्या शास्त्राच्या रीतीने मांडण्याचा एका भारतीयाने केलेला पहिला मोठा यत्न होय. पाठशाळेतील व्याकरण आणि युरोपातील भाषाशास्त्र ह्यांची गाठ येथे पडली. मुंबई सरकारने जमविलेला हस्तलिखितांचा संग्रहही १८७८ साली ह्याच आवारात आणून ठेवण्यात आला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचे शिक्षण त्यानंतरच्या दशकातले. आपल्या कॉलेजविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते; पण राजवाडे कोणाविषयी चांगले मत बाळगीत असत हाही एक संशोधनाचा विषय आहे.

इतिहासाचे प्राध्यापक एफ. डब्ल्यू. बेन ह्यांचा उल्लेख येथे केवळ मौज म्हणून करतो. संस्कृत हस्तलिखिताचे भाषांतर म्हणून त्यांनी काही कथा प्रसिद्ध केल्या, विलायतेत त्या पुष्कळ वाचल्या गेल्या, आणि हस्तलिखित मुळी नव्हतेच, हे मागाहून उमगले. जेथे शेजारच्या दालनात अस्सल हस्तलिखिते हारीने मांडून ठेवलेली होती, तेथेच हे घडले.

विसाव्या शतकात कॉलेजचे तेज उतरत गेले. त्याची कारणे बाहेर शोधण्याची गरज नाही. ह्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. १९१६ साली आणखी एक खासगी कॉलेज शहरात निघाले, तेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. लोकांच्या पैशाने आणि त्यागाने चाललेली ही कॉलेजे विद्यार्थ्यांना जवळची वाटू लागली, ह्यात नवल नाही. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, आणि पुढील वर्षी हस्तलिखितांचा संग्रहही टेकाडावरून तिकडे गेला. आपल्याच लेकरांनी घरे बांधून वेगळी चूल मांडावी, आणि मागे म्हातारीने मोठ्या वाड्यात एकटीने राहावे, तशी ही अवस्था होती.

अशात जगभरची मंदी आली. मुंबई सरकारने काटकसरीची मोहीम हाती घेतली, आणि १९३४ साली डेक्कन कॉलेज बंद करण्यात आले. शहरात दुसरी कॉलेजे आहेत, मग सरकारने खर्चाचा हा भार का वाहावा, असा प्रश्न कोणाही हिशेबनिसास सुचण्यासारखा होता. तो गैरही म्हणता येणार नाही. लहान संस्थेचे संकट हेच असते. तिच्याविरुद्ध कोणी कट करीत नाही. ताळेबंदाच्या एका ओळीत ती मावते, आणि ओळ खोडली की काम होते.

माजी विद्यार्थ्यांच्या संघाने ही गोष्ट मुकाट्याने स्वीकारली नाही. मुकुंदराव जयकर, रावबहादूर ग. कृ. चितळे ह्यांच्यासारखे कायद्याचे जाणते लोक ह्या लढ्यात पुढे होते. त्यांनी भावनेपेक्षा कागदावर भर दिला. बाजू थोडक्यात अशी : जीजीभाई घराण्याने दिलेला पैसा एका विशिष्ट हेतूने, कॉलेजसाठी, दिलेला होता. सरकारने तो त्या हेतूने स्वीकारला. तेव्हा ह्या वास्तूच्या बाबतीत सरकार मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्तास हेतू मोडता येत नाही. येथे आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे खरे स्वरूप उघडे पडते. संस्था म्हणजे सरकारी खात्याची एक शाखा असेल तर ती खात्याच्या आज्ञेने संपते. ती एक न्यास असेल तर इमारत, नाव, विद्यार्थी ह्यांपैकी काही बदलले किंवा काही काळ नाहीसे झाले तरी हेतू शिल्लक राहतो, आणि हेतू शिल्लक आहे तोवर संस्था शिल्लक राहते. दात्याने लाख रुपये दिले तेव्हा त्याला दगडी इमारत दिसत असेल. टिकले ते त्याने घातलेले बंधन.

दरम्यान १९३७ साली प्रांतात बाळ गंगाधर खेर ह्यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, आणि प्रकरणास अनुकूल वळण लागले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी 'डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था' ह्या नव्या रूपात परिसर पुन्हा उघडला. पदवीपूर्व वर्ग गेले ते गेलेच. ज्यांनी जुन्या कॉलेजसाठी लढा दिला त्यांच्यापैकी काहींस हे अर्धे यश वाटले असेल. आज मागे वळून पाहता ते यश मूळ मागणीपेक्षा मोठे होते असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण पुण्यात तिसरे-चौथे पदवीपूर्व कॉलेज असणे-नसणे ह्याने फारसा फरक पडला नसता, पण पूर्णवेळ संशोधन करणारी अशी संस्था देशात तेव्हा विरळाच होती. जयकर पुढे, १९४८ साली कायदा होऊन स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

संस्था लहान प्रमाणावर सुरू झाली, पण निवड अचूक होती. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे भाषाशास्त्रज्ञ आरंभीचे संचालक. १९४२ पासून जवळजवळ तीन दशके ही धुरा सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी वाहिली. लंडनहून पीएच. डी. होऊन आलेले आणि व्हीलर ह्यांच्या हाताखाली उत्खनन शिकलेले हसमुख धीरजलाल सांकलिया पुरातत्त्वास मिळाले. बर्लिनला शिकलेल्या इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्रास. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर आले, आणि साताऱ्याचा पारसनीस संग्रहही १९३९ सालीच येथे आणण्यात आला. शेजवलकरांचा पानिपतवरील इंग्रजी प्रबंध १९४६ साली, तर इरावतीबाईंचा भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथ १९५३ साली संस्थेने प्रसिद्ध केला. सांकलियांनी लांघणज, नाशिक-जोर्वे, नेवासे अशी उत्खनने केली. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून आरंभ करण्याची सवय आपण सोडली ती ह्या उत्खननांमुळे. हे सारे लोक एकाच आवारात वावरत. एका विभागाची वेळ संपली म्हणून दुसऱ्याचे दार बंद होत नसे.

ह्या लहानशा वसाहतीतून मराठी वाचकास काय मिळाले ते पाहावयाचे असेल तर साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची सूची उघडावी. १९६६ सालचा पुरस्कार शेजवलकरांच्या 'श्री शिवछत्रपति' ह्या ग्रंथास, त्यांच्या मृत्यूनंतर. १९६७ सालचा नारायण गोविंद कालेलकर ह्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' ह्या ग्रंथास. १९६८ सालचा इरावतीबाईंच्या 'युगान्त'ला. लागोपाठ तीन वर्षे एकाच आवारातील संशोधकांचे ग्रंथ, आणि तिन्ही मराठीत लिहिलेले. इंग्रजीत प्रबंध आणि मराठीत ग्रंथ, असा दुहेरी व्यवहार ह्या मंडळींनी सहज सांभाळला. आज आमच्या विभागांतून मराठीत लिहिलेला लेख श्रेयांकांच्या हिशेबात अंग चोरून उभा असतो, तेव्हा ही तीन वर्षे आठवतात.

भाषाशास्त्राची कथा थोडी निराळी आहे. कत्रे ह्यांचे शिक्षण ऐतिहासिक भाषाशास्त्रातले. त्यांची १९४१ सालची विल्सन व्याख्याने भांडारकरांच्याच परंपरेतील होत. कोकणीच्या घडणीवरील त्यांचा प्रबंधही त्याच रीतीचा. परंतु जुन्या पोथ्यांवरून शब्दांची कुळे लावणे एवढ्यावर शास्त्र थांबणार नाही, बोलणाऱ्या माणसापुढे बसून त्याची बोली टिपावी लागेल, हे त्यांनी ओळखले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४-५५ पासून त्यांनी येथे भाषाशास्त्राचे वर्ग भरविले. हेन्री होनिग्सवाल्ड, गॉर्डन फेअरबँक्स, जॉन गम्पर्झ ह्यांच्यासारखे अमेरिकेतील अभ्यासक त्या काळात येथे आले, आणि निरनिराळ्या प्रांतांतील तरुण अध्यापक त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले. भारतीय विद्यापीठांत आज भाषाशास्त्राचे जे विभाग आहेत त्यांच्यापैकी अनेकांचे गोत्र ह्या उन्हाळी वर्गांशी जाऊन मिळते. १९२८ साली लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचे ठाणेही ह्याच सुमारास पुण्यास आले. अशोक रामचंद्र केळकर हे कॉर्नेलहून मराठीच्या वर्णव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहून परतले आणि १९६२ पासून येथे अध्यापन करू लागले. मराठीविषयी मराठीत शास्त्रशुद्ध रीतीने कसे लिहावे ह्याचा वस्तुपाठ त्यांनी आणि कालेलकरांनी घालून दिला.

ह्या बदलात काही हरवलेही. वर्णनात्मक पद्धतीच्या उत्साहात पाणिनीय परंपरेशी असलेला संबंध काही काळ सैल झाला, आणि ज्या संस्थेत कीलहॉर्न शास्त्र्यांपाशी बसले होते तेथे शास्त्री आणि भाषाशास्त्रज्ञ हे शेजारी असूनही परके झाले. तो धागा पुरता तुटला नाही ह्याचे कारण कोश. १९४८ साली कत्रे ह्यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडून त्यांतील शब्द संदर्भासह चिठ्ठ्यांवर उतरवावयाचे, शब्दाचा प्रत्येक अर्थ कालानुक्रमे लावावयाचा, अशी ही योजना. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला भाग अमृत माधव घाटगे ह्यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली बाहेर पडला. त्यानंतर तिसाहून अधिक खंड निघाले, आणि ते सारे 'अ' ह्या अक्षरापुरतेच आहेत. १९३४ च्या हिशेबनिसापुढे ही नोंद ठेवली असती तर त्याने काय केले असते, ह्याचा तर्क वाचकांनीच करावा. ह्या संथपणावर टीका करणारे संस्थेच्या बाहेर आहेत तसे आतही आहेत, आणि मनुष्यबळ वाढविल्यावाचून हा कोश पुरा व्हावयाचा नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण अर्धवट कामाची घाई करून ते उरकावे, असे मात्र कोशाशी परिचय असलेला कोणी म्हणणार नाही.

१९९० नंतरचा इतिहास अजून वर्तमानाला चिकटलेला आहे; त्यावर निर्णय देण्याची वेळ आलेली नाही. अभिमत विद्यापीठ म्हणून संस्थेस आपले अभ्यासक्रम आखण्याचे स्वातंत्र्य मिळाले, त्याबरोबर मोठ्या विद्यापीठांसाठी बेतलेली नियमावलीही आली. त्या नियमावलीत तीन विभागांचे विद्यापीठ हे नेहमीच काहीसे बेढब दिसते. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने भाषाशास्त्र विभागाने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, आणि गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेली सामग्री सर्वांस खुली केली. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या मुलांना पाठशाळेत पाऊल ठेवता आले नसते त्यांचे बोलणे आज ह्या परिसराचे अभ्यासद्रव्य झाले आहे. कँडी-मोल्सवर्थच्या कोशासाठीही प्रांतोप्रांतीचे शब्द जमविण्यात आले होते. ते जमविणारे बहुधा पुण्याचे शास्त्रीच होते.

कोशविभागाच्या दालनात चिठ्ठ्यांचे खण ओळीने मांडलेले आहेत. अकारादी क्रमाने 'द'चे खण पुष्कळ पुढे येतात. 'दक्षिण' आणि 'दक्षिणा' ह्या दोन्ही शब्दांच्या चिठ्ठ्या तेथे शेजारी-शेजारी असून, सध्याच्या गतीने त्यांची पाळी येण्यास बराच अवधी आहे.